थोरलीचं तोंड

१४ नोव्हेंबर १९६१

तितिलायोनं ही वही दिली तेव्हा म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर अक्षरं विसरशील. नात शिक्षिका व्हायला निघालीय, आणि पहिली विद्यार्थीण म्हणून मीच सापडले. पण चर्चच्या शाळेत म्हातारपणी शिकलेली अक्षरं कुठं जातात? डोक्यात दगडासारखी बसलीत. लिहायला काही घडावं मात्र लागतं. आज घडलं.

थोरलीचं अको करायचं ठरलं.

थोरली म्हणजे आवेरो, माझी सवत. पावसाळ्यात गेली. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली, मुलांनी काळे कपडे घातले, पुरलं. ते देवाचं झालं. पण आमच्याकडे मोठ्या घरातली बाई नुसती पुरून जात नाही. तिच्या मापाची लाकडाची बाई, म्हणजे अको, करतात, तिचेच कपडे तिला चढवतात, गावातून फिरवतात. सगळ्यांनी एकदा नीट बघून घेतलं की ती गेली. तोवर ती अर्धी घरातच असते. हे मला वेगळं कुणी सांगायला नको. अजून सकाळी पाय तिच्या दाराकडे वळतात. धाकटीनं रोज थोरलीपुढं गुडघे टेकायचे, 'अक्का, झोप लागली का' विचारायचं, मग चूल पेटवायची. लग्नापासून तेच केलं. पाय म्हणजे गाढवं, त्यांना मेलेलं जिवंत कळत नाही.

तिचा मुलगा बामिटाले इबादान शहरात कोर्टात कारकून आहे. त्याला हे अको नकोच होतं. त्याला थडग्यावर सिमेंटची मूर्ती बसवायचीय. इबादानला आता तीच पद्धत आहे म्हणे. फोटो दिला की कारागीर मूर्ती करतो, वर तैलरंग देतो, मनगटावर घड्याळसुद्धा काढतो. घराण्यातले म्हातारे अडून बसले तेव्हा त्यानं तोड काढली. डिसेंबर लागेपर्यंत कोरीव काम करणाऱ्या फागबेमीनं लाकडात आईचं तोंड आणलं तर अको निघेल. नाही आलं तर सिमेंट. म्हाताऱ्यांना हे मान्य करावंच लागलं, कारण परक्या तोंडाचं अको फिरवणं म्हणजे मेलेल्या बाईची गावभर थट्टा.

सिमेंट ज्या फोटोवरून होणार तो मला ठाऊक आहे. बामिटालेच्या लग्नात आकुरेच्या फोटोवाल्यानं काढला होता. त्यानं थोरलीच्या तोंडाला पावडर फासली, श्वास धरायला लावला, आणि नंतर दुकानात बसून पेन्सिलीनं तिच्या सुरकुत्या पुसल्या. लहानपणी घराण्याची खूण म्हणून गालांवर पाडलेल्या चिरासुद्धा जवळजवळ पुसल्या. फोटो घरी आला तेव्हा थोरलीनं तो उजेडात धरून बघितला आणि मला म्हणाली, "असाके, ही कोण गं? ह्यांनी तिसरी आणली की काय?"

आणि आता ती तिसरी तिच्या थडग्यावर कायमची बसणार.

बसेना का. मला काय करायचंय?

१६ नोव्हेंबर, बाजाराचा दिवस

फागबेमी आला. हा आमच्या नवऱ्याचा दोस्त, हात चांगला, तोंड त्याहून मोठं. म्हणाला होता, आवेरोवहिनींचं तोंड मला पाठ आहे, डोळे मिटून कोरीन. बहुतेक डोळे मिटूनच कोरत असावा. ओंडक्याला वाकस लावून बसला तर नाक सोडून काही आठवेना.

मुलांना विचारलं म्हणे. आई कशी दिसायची? बामिटाले म्हणाला, प्रेमळ. तिची मुलगी, फेहिंतोला तिचं नाव, ती म्हणाली, शांत. फागबेमी म्हणतो, "आता प्रेमळ मी गालावर कोरू का कानावर?"

म्हणून माझ्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, बाई सवतीचं तोंड जेवढं बघते तेवढं नवऱ्याचंही बघत नाही."

मी म्हटलं, "भावजी, तुमच्या दोस्ताच्या तोंडात बघण्यासारखं होतं तरी काय?"

हसला. पण हटला नाही. मी सांगितलं, मला वेळ नाही, कोको वाळत घातलाय. तो म्हणाला, कोको आपोआप वाळतो.

उद्यापासून जाणार आहे. थोरलीसाठी नाही. वाईट काम झालेलं मला बघवत नाही, एवढंच.

१९ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये उपदेशकानं लाकडाच्या बाहुल्यांविरुद्ध बरंच सांगितलं. बोलताना सारखा माझ्याकडे बघत होता. मीही त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला येशू आहे, तो त्याला कसा दिसत नाही कोण जाणे.

दुपारी फागबेमीच्या आडोशात बसले. माडाच्या झावळ्यांचा आडोसा, आत फक्त काम करणारा आणि सांगणारी. ओल्या लाकडाच्या वासानं मला माझी आजी आठवली. ती सांगायची, तिच्या लहानपणी अकोला तोंड असायचं ते नुसतं तोंड. दोन डोळे, एक नाक, कुणाचंही चालेल. लोक कपड्यावरून ओळखायचे, गालावरच्या चिरांवरून ओळखायचे. हे अमक्या घरचं निळं वस्त्र, म्हणजे अमकी गेली. माणूस म्हणजे त्याचं घर, त्याच्या तोंडाशी कुणाला काय करायचं होतं?

मग फागबेमीच्या बापानं आमच्या सासूचं केलं. मी तेव्हा या घरात नवी. त्यानं सासूचा खालचा ओठ कोरला, पुढं आलेला, जसा होता तसा. अको बाहेर काढलं आणि अंगणातल्या बायका आधी पळाल्या, मग रडल्या, मग जवळ येऊन त्यांनी हात लावून बघितलं. थोरली तेवढी जागची हलली नाही. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आता मेल्यावरही ही आपल्याला ओरडणार." आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. लोकांना वाटलं, सुना रडताहेत. सासूच्या भावानं आमचं कौतुक केलं.

पुढं फोटोवाला आला, काळ्या फडक्याखाली डोकं घालणारा. मग ज्याला त्याला तोंड हवं झालं. न्हाव्याच्या पाटीवर तोंड, ट्रकच्या मागच्या फळीवर तोंड.

फागबेमीनं इफे गावच्या डोक्यांची गोष्ट काढली. तिथं घराचा पाया खणताना जमिनीतून पितळेची माणसांची डोकी निघाली होती. आम्ही दोघी ट्रकमधून बघायला गेलो होतो. इतकी खरी तोंडं की समोर उभं राहून खोकायची लाज वाटावी. कुणाची, कुठल्या काळाची, कुणाला ठाऊक नाही. थोरली एका डोक्यापुढं फार वेळ उभी राहिली. मी म्हटलं, अक्का, चला, ट्रक निघेल. ती म्हणाली, "ही ओठांची कड बघ. कारागिराला हे कुणीतरी सांगितलं असणार. घरातलंच कुणीतरी."

परत येताना आमचं भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही. तिनं घेतलेला भाजका मका मात्र आठवतो, अर्धा मोडून न बोलता माझ्या मांडीवर ठेवला होता.

२३ नोव्हेंबर

तोंडाचा पहिला आकार निघाला. बघितलं आणि हसूच आलं. फागबेमीनं विशीतली बाई कोरलीय. म्हणतो, अको भरज्वानीतलं करायचं असतं, वाडवडिलांची रीत आहे. मी म्हटलं, भरज्वानीतल्या थोरलीला या गावात आता ओळखणार कोण? ज्यांनी ओळखलं असतं ते सगळे तिच्या आधी गेले. एक मी उरले, आणि मला तेव्हा ती बघवत नव्हती.

त्यानं विचारलं, मग कुठल्या वयाची?

मी म्हटलं, डावी भुवई वर घ्या. घेतली. गाल थोडा आत. घेतला. नाक ठीक आहे, नाकाला हात लावू नका. तरीही ती थोरली होईना. कुणीतरी चांगल्या घरची बाई, चर्चमध्ये भेटलेली वाटते. राग आला आणि उठून घरी आले.

२५ नोव्हेंबर

आज जे केलं ते लिहायला थोडी लाज वाटते, पण ही वही कोण वाचणार?

फागबेमी म्हणाला, वहिनी, तोंड सांगता येत नसेल तर गोष्टी सांगा. तर मी सांगत बसले. मी कोनफळं कमी कुटली आणि जास्त सांगितली ती गोष्ट. माझ्या मुलानं तिची कोंबडी मारली आणि मी आळ कोल्ह्यावर घातला ती गोष्ट. प्रत्येक वेळी तिच्यापुढं गुडघ्यावर बसायचं आणि खोटं बोलायचं. ती ओरडायची नाही. मारायची नाही. उजवीकडून खालचा ओठ जरा आत घ्यायची आणि वाट बघायची. मी बोलत सुटायचे, कोल्ह्याचा रंग सांगायचे, शेपूट सांगायचे. शेवटी माझं खोटं आपोआप संपायचं. मग ती म्हणायची, "झालं तुझं?" आणि उठून जायची. पुन्हा त्या गोष्टीचं नाव नाही. नवऱ्यापर्यंत तर कधीच गेली नाही एकही गोष्ट.

फागबेमी म्हणाला, ओठ आत म्हणजे कसा?

मी करून दाखवला. त्याच्या बुटक्या स्टुलावर ताठ बसले, भुवई चढवली, ओठ आत घेतला आणि वाट बघितली. तो आधी इतका हसला की ताडी मांडीवर सांडली. मग वाकस टाकून पटाशी घेतली. म्हणाला, हलू नका. मान आखडली तरी हलले नाही. तेवढ्यात तितिलायो मला जेवायला बोलवायला आली, झावळ्या बाजूला केल्या आणि तिथंच थांबली. "मोठी आजी," म्हणाली. हळूच. मग मला ओळखलं आणि रागावून निघून गेली.

पोरीला थट्टा कळत नाही.

२८ नोव्हेंबर

कोरडा वारा सुटलाय. सगळ्या गावाच्या तोंडावर धूळ. तोंड पूर्ण झालं. मी बघायला गेले नाही. फागबेमी दोनदा बोलवून गेला. मला काम होतं.

३० नोव्हेंबर

बामिटाले आणि फेहिंतोला आले. आडोशात सगळे उभे राहिलो. फागबेमीनं फडकं काढलं.

ती होती. दुसरं काय लिहू? ओठ आत घेऊन बसलेली, माझं ऐकत असलेली.

मग फेहिंतोला रडायला लागली, पण ते आई भेटल्याचं रडणं नव्हतं. म्हणाली, "ही आई नाही. आईनं माझ्याकडे असं कधीच बघितलं नाही."

बामिटाले पुढं वाकून बघत होता. त्यानं विचारलं, "आई असं कुणाकडे बघायची?"

फागबेमीनं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मला आजवर पुष्कळ लोक पुष्कळ बोललेत आणि मी प्रत्येकाला पुरून उरलेय, पण आज मी हो म्हणून मान डोलावली. खरंच होतं. पोरांची आई वेगळी होती. पोरांना ती मांडीवर घ्यायची, पोरांसाठी मऊ व्हायची. मी लाकडात माझी थोरली घातली, आणि आई त्यांची मेली होती.

मी म्हटलं, भावजी, ओठ सरळ करा. तो म्हणाला, "वहिनी, लाकडातून काढता येतं. परत घालता येत नाही."

बामिटाले आवाज चढवून बोलणारा नाही. बापासारखाच. म्हणाला, "धाकटी आई, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण अनोळखी तोंड मी खांद्यावर घेऊन फिरणार नाही. इबादानला निरोप धाडतो." म्हणजे सिमेंट. म्हणजे पावडर, घड्याळ आणि ती तिसरी. उद्या फेहिंतोला कपडे चढवून बघणार आहे, निदान कपड्यांत तरी ओळख पटते का. नाही पटली तर शनिवारी अको निघणार नाही.

मी फोटोबद्दल थोरली काय म्हणाली होती ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? आधीच तिच्या तोंडात माझंच बोलणं भरून ठेवलंय, आणखी किती भरू?

१ डिसेंबर

सकाळी बायका थोरलीच्या खोलीत तिला सजवत होत्या. थोरलीच्याच खुर्चीत बसवली होती. फेहिंतोला खुर्चीमागं उभी राहून खांद्यावरचं वस्त्र नीट करत होती. मला म्हणाली, धाकटी आई, आईचा डोक्याला बांधायचा निळा पटका आण.

तो पटका वरच्या पेटीत असतो. नव्हता. खालच्या पेटीत बघितलं. नव्हता. शेवटी कापूर ठेवायच्या डब्यात निघाला, तिथं मीच कधीतरी ठेवला असणार. उशीर झाला होता. अंगणातल्या उन्हातून घाईनं खोलीत गेले, उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढं अंधार येतो, त्यात गुडघा गेला महिनाभर दुखतोय. म्हणून खाली बसले. बाकी काही नाही.

पण फेहिंतोला म्हणते, मी बोलले. म्हणते, मी दोन्ही गुडघे टेकून म्हणाले, अक्का, वरच्या पेटीत नव्हता, उंदरानं ओढला असणार.

असेन म्हणाले. उंदीर आहेतच घरात.

मी उठायला लागले तर ती खुर्चीमागून म्हणाली, "धाकटी आई, उठू नकोस. तशीच राहा."

तिनं आईच्या खांद्यावरून वाकून माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून शेजारच्या लाकडी तोंडाकडे बघितलं, बाजूनं, अगदी जवळून. बराच वेळ. मग भावाला हाक मारली. बामिटाले चपला काढून आत आला. तिनं त्याला मागून आणून आपल्या जागी उभं केलं. एवढा मोठा कारकून, मिशीत पांढरे केस, आईच्या खांद्यामागं उभा राहिला. तिनं त्याचं डोकं हातानं खाली दाबलं.

"लहानपणी आपण इथनंच बघायचो," ती म्हणाली. "आठवतं? धाकटी आई कोल्ह्याची गोष्ट सांगायची, आणि आपण मागं लपून हसायचो."

बामिटाले लाकडाच्या गालाजवळ गाल नेऊन उभा राहिला. मीही खालून बघत होते, दुसरं करणार काय, उठू देत नव्हते. खालून ओठ आत घेतलेला दिसत होता. पण त्यांच्या बाजूनं, फेहिंतोलानं नंतर सांगितलं, ओठाची कड वर गेलेली दिसते. हसू दाबल्यासारखी.

"आई हसायची," बामिटाले म्हणाला. "हिला कळू नये म्हणून ओठ चावायची."

सगळ्या बायका हसल्या. मग कुणीतरी रडायला लागली आणि एकीचं बघून दुसरी. माझ्या गुडघ्याचं कुणी विचारलं नाही. शेवटी खाटेचा खूर धरून स्वतःच उठले आणि पटका फेहिंतोलाच्या हातात दिला.

कोल्ह्याचं खोटं आहे हे तिला ठाऊक होतं, ते मला ठाऊक होतं. पण हसत होती? एवढी वर्षं?

२ डिसेंबर, शनिवार

अको निघालं. बामिटालेनं पुढून खांदा दिला. बाजारातल्या मिरचीवालीनं थोरलीला बघितलं आणि टोपली खाली ठेवून गुडघे टेकले. तिची आणि थोरलीची मिरचीच्या भावावरून कायमची जुंपलेली असायची. न्हाव्यानं दुकानाबाहेर येऊन डोक्यावरची टोपी काढली. उपदेशक दाराआड उभा होता, तोही बघत होता. पोरं सांगत होती, ती बघते बघ, ती बघते. निळा पटका उन्हात छान दिसला. धूळ होती, पण छान दिसला.

संध्याकाळी तिला जिथं ठेवायचं तिथं पुरुष घेऊन गेले. बायका तिथवर जात नाहीत. वळणावर थांबलो. ती मागं बघू शकत नव्हती, लाकूडच ते.

परत येताना फागबेमी बरोबर होता. भरपूर प्यालेला. म्हणाला, "वहिनी, सगळं गाव म्हणतंय, असं तोंड बापानंही कोरलं नव्हतं. आता तुमची पाळी आली की तुमचं तोंड मला कोण सांगणार?"

मी म्हटलं, "भावजी, माझ्याआधी तुम्हीच जाणार. चालताना नीट बघा, गटार आहे."

४ डिसेंबर

थोरलीची खोली झाडून घेतली. खुर्ची तिथंच राहू दिली. फोटो बामिटाले घेऊन गेला, त्याला हवा होता, त्याची ती आई.

सकाळी तितिलायो केस विंचरायला आली आणि सवयीनं माझ्या मागं बसली. मी म्हटलं, मागं नको, समोर बस. ती म्हणाली, आजी, समोर बसून केस कसे विंचरू? मी म्हटलं, केस राहू देत आज.

ती समोर बसली. म्हणाली, काय करू?

"बघ," मी म्हटलं.

"काय बघू?"

"माझ्याकडे बघ. झालं की सांगते."